मागच्या पोर्शनचं मत

राजेंद्र नगर, इंदूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. संहिता,

तुझा मेल मिळाला. इरावतीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढ्या मोठ्याने नको, मला ऐकू येतं. ऐकू मला येत नाही, म्हणून तर फोन सोडून हा मेलचा खटाटोप.

तर तू चुनाव लढवते आहेस. विलायतेतल्या नगरपालिकेचा, म्हणजे आपल्या भाषेत पार्षद. आपल्या घराण्यात होळकरांच्या चाकऱ्या झाल्या, वीज मंडळाची झाली, पण चुनाव आजवर फक्त मी लढवला आहे. तोही आपल्या कॉलनीतल्या रहवासी संघाच्या अध्यक्षपदाचा, आणि चारही वेळा बिनविरोध. तेव्हा घरात अनुभवी माणूस मी एकटाच. ऐकून ठेव.

उभं राहिल्यावर सगळ्यात आधी पोहे-जलेबीची व्यवस्था. पोटात काही गेल्याशिवाय माणूस भाषण ऐकत नाही. तिकडे पोहे मिळत नसतील तर जे मिळेल ते, पण गरम. दुसरं, मतदाराच्या पाया पडायचं की नाही ते तिथल्या रीतीने ठरव. पत्रकावरचा तुझा फोटो पाहिला. रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवून तू हसते आहेस. खड्ड्याकडे बघून हसू नये, लोकांना वाटेल तूच खणलास.

तू भारताची नागरिक, राहतेस भाड्याने, आणि त्यांच्याच चुनावात उभी राहतेस, हे त्यांना चालतं कसं ते कळव. माझ्या मते कुठेतरी गडबड आहे आणि तुझा उमेदवारीचा परचा बाद होणार. मनाची तयारी ठेव.

यंदा आमच्याकडेही सामना आहे. कोपऱ्यावरचे रामभाऊ मुळ्ये माझ्याविरुद्ध उभे राहतायत. घरी येऊन म्हणाले, भिया, बुरा मत मानना, मुलं ऐकत नाहीत. त्यांची मुलं बंगलोरला असतात.

जाता जाता एक. आपल्या घराचा मागचा पोर्शन वर्षअखेर मोकळा होतोय. तिथे नवी फरशी आणि नवं बाथरूम करून घेतो. तू कधीही ये. तुझा बाप गेला तेव्हा मी त्याला शब्द दिला होता, पोरीची या घरात कायम जागा राहील. तू शिकायला गेलीस आणि अकरा वर्षं आली नाहीस, ती गोष्ट वेगळी. जागा असायला हवी.

तुझा,
देवदत्तकाका


ऑल्डरवेल
८ ऑक्टोबर

प्रिय काका,

नमस्कार. परचा बाद झालेला नाही. कॉमनवेल्थ देशातला माणूस इथे कायमचा राहत असेल तर तो नगरपालिकेला मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. डिपॉझिट नाही. वॉर्डातल्या दोन जणांच्या सह्या लागतात. माझ्या दोन्ही सह्या आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या पेशंट्सच्या आहेत. एकीचा मोतिबिंदू मीच पहिल्यांदा पकडला होता.

चुनाव वीस नोव्हेंबरला, गुरुवारी, मधेच रिकाम्या झालेल्या एका जागेचा. इथे चुनाव गुरुवारीच असतात. का, ते कोणालाच माहीत नाही. मी पिवळ्या पक्षाकडून उभी आहे. शिवाय लाल आहेत, निळे आहेत आणि हिरवे आहेत. वॉर्डातला मुख्य प्रश्न घरांचा. चारही पक्ष नवी घरं बांधण्याच्या बाजूने आहेत. चारही पक्ष कालव्याकाठच्या मैदानावर घरं बांधण्याच्या विरोधात आहेत. वॉर्डात मोकळी जागा तेवढी एकच आहे.

पोहे-जलेबी चालणार नाही. मतदाराला खाऊ घातलं तर तो इथे गुन्हा होतो. डोरीन म्हणते, चहासुद्धा आपण मतदाराकडचा प्यायचा, त्याला पाजायचा नाही. डोरीन म्हणजे पक्षाची इथली सगळी व्यवस्था. वय ऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले. मला दारोदार तीच फिरवते. तिची पद्धत अशी: मत मागायचं नाही. बेल वाजवायची आणि विचारायचं, इथे राहण्यात काही तक्रार? मग गप्प बसायचं आणि लिहून घ्यायचं. ती म्हणते, विचारणं सगळ्यांना जमतं, गप्प बसणं जमत नाही.

तक्रार एकच निघते, सीलन, भिंतींना ओल. निम्मा वॉर्ड भाड्याने राहतो आणि निम्म्या वॉर्डाच्या भिंती काळ्या आहेत. लोक मला आत नेऊन मुलांच्या पलंगामागची भिंत दाखवतात. मला बघवत नाही, पण नवलही वाटत नाही, कारण माझ्या बेडरूमची भिंत तशीच आहे. दोनदा घरमालकाला लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्याने नोटीस पाठवली. नोव्हेंबरअखेर घर सोडायचं. कारण द्यावं लागत नाही. विनाकारण काढता येणार नाही असा कायदा येऊ घातलाय, म्हणून घरमालक आत्ताच उरकून घेतायत. मिस्टर पार्कर त्याचं नाव. स्वभावाने वाईट नाही. नाताळात शॉर्टब्रेडची बिस्किटं पाठवतो.

या गावात दुसरी खोली मिळत नाहीये. उमेदवार बेघर असला तर पत्रकावर पत्ता काय छापायचा, यावर पक्षाची एक मीटिंग झाली.

मागचा पोर्शन मोकळा होतोय म्हणजे काय? शैलजामावशी इतकी वर्षं तिथे भाड्याने राहतायत, त्या कुठे चालल्या?

तुमची,
संहिता


राजेंद्र नगर
१२ ऑक्टोबर

चि. संहिता,

हा पार्कर काय माणूस आहे. भाडं वेळेवर देणारी, एकटी राहणारी बाई. तिला घराबाहेर काढायचं आणि कारणही सांगायचं नाही. वरून शॉर्टब्रेड. आपल्याकडे निदान कारण देतात. मी तीन वेळा मेल वाचला आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. त्याचा पत्ता पाठव, मी त्याला इंग्रजीत लिहितो. वीज मंडळात माझं इंग्रजी ड्राफ्टिंग भोपाळपर्यंत वाखाणलं जायचं.

सीलनीचं म्हणशील तर ते घरमालकाचंच काम. भिंत त्याची, पाणी त्याचं. भाडेकरूने किती वेळा सांगायचं? आणि तू जागा सोडून जाणार कुठे? म्हणून तर म्हणतो, इकडे ये.

तुझ्या डोरीनबाईंची पद्धत मला पटली. रामभाऊंनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय, त्यात रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात. मी दारोदार जायचं ठरवलंय. नाहीतरी ऐकू येत नाही, तेव्हा गप्प बसणं मला जड जाणार नाही.

शैलजाबाईंची काळजी करू नकोस. त्यांची सोय होते आहे.

काका


राजेंद्र नगर
१३ ऑक्टोबर

संहिता,

मी इरावतीकाकू. हे दुपारी झोपलेत, म्हणून लिहिते. ह्यांच्या मेलवरून लिहिते आहे, तेव्हा उत्तर माझ्या फोनवर पाठव, इथे नको.

शैलजाताईंची कोणतीही सोय होत नाहीये. ह्यांनी त्यांना वर्षअखेर घर खाली करायला सांगितलंय. कारण तू. पुतणी परत येते आहे, घरच्या माणसाला जागा लागते, असं लिहिलंय. तू परत येते आहेस का? येत असशील तर मला आधी कळव, मला कामवाल्या सरलाशी बोलावं लागेल.

तू लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून गणितं सोडवायचीस, तेव्हाचे दिवस आता नाहीत. सहा वर्षांपूर्वी संघाच्या सभेत त्या उभ्या राहून म्हणाल्या की, अध्यक्षमहाशय सगळ्या कॉलनीला पाणी वाचवायला सांगतात, पण त्यांच्याच घरचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय. सगळे हसले. ह्यांना ऐकू आलं नाही, लोक का हसले ते मीच सांगितलं. चूक माझीच. त्यानंतर ह्यांनी ठराव करून घेतला की सभेत फक्त मालक बोलतील आणि मालकच मत देतील. बोलणं तेव्हापासून बंद. मध्ये एक भिंत आणि एक अंगण, पण काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत.

आता मुद्द्याचं. ही नोटीस मात्र ह्यांनी माझ्यामार्फत दिली नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवली. स्कूटरने पोस्टात गेले, रांगेत उभे राहिले, आणि आपल्याच घराच्या पत्त्यावर रजिस्टर केली. पत्ता एकच आहे. पोस्टमन समोरच्या दाराला आला. मी सही केली. पाकीट तांदळाच्या डब्यात आहे, तळाशी. शैलजाताईंना यातलं काही माहीत नाही. त्यांनी कालच मला अनारसे दिले.

ह्यांना वाटतंय नोटीस त्यांना मिळाली. त्या गप्प आहेत म्हणून हे चिडतात. म्हणतात, बाईचा ताठा बघ.

त्यांना त्रेसष्टावं लागलंय, जवळचं कोणी नाही, पेन्शन शाळेची. मी हे कुठवर लपवू ते सांग. तू चुनावात आहेस म्हणजे तुला असल्या गोष्टी कळत असतील.

काकू


ऑल्डरवेल
१५ ऑक्टोबर

काकू,

खरं तेच सांगते. तुमचा मेल वाचून मला आधी बरं वाटलं. इथे रोज संध्याकाळी खोल्या बघायला जाते. परवा एका ठिकाणी जिन्याखालची जागा खोली म्हणून दाखवली, आणि माझ्यापुढे बघायला नऊ जण रांगेत होते. आणि तिकडे माझ्यासाठी कोणीतरी नवी फरशी घालतंय. मी अर्धा तास त्या फरशीचा रंग ठरवत बसले होते. मग ती खोली कोणाची आहे ते आठवलं.

येईन की नाही, मला आत्ता माहीत नाही. हरले आणि घर मिळालं नाही तर यावंच लागेल. पण शैलजामावशींना काढून मला यायचं नाही. हे काकांना तोंडावर सांगितलं तर ते हट्टाला पेटतील आणि दुसरी नोटीस पाठवतील, ती तुमच्या हातात पडेलच असं नाही. मला थोडे दिवस द्या.

तांदूळ संपत आले असतील तर आणून ठेवा. डबा भरलेला असू दे.

संहिता


ऑल्डरवेल
२६ ऑक्टोबर

प्रिय काका,

फराळाचे फोटो पाहिले. मी इथे चकली करून दुकानात नेली; मतदाराला खाऊ घालता येत नाही, म्हणून कोणी विचारलं तर ‘सजावट’ सांगितलं.

तुमचा दारोदारचा प्रचार कसा चाललाय? डोरीनचा एक नियम तुम्हाला सांगायचा राहिला होता. एकही दार सोडायचं नाही. आणि जे दार नकोसं वाटतं ते तर अजिबात नाही. कारण माणूस तिथेच थकतो, तिथेच त्याला घरी काम आठवतं, आणि तिथलंच मत जातं.

माझं नकोसं दार मिस्टर पार्करचं होतं. तो याच वॉर्डात राहतो, टेकडीवरच्या चांगल्या भागात. मी दोनदा त्या गल्लीतून न वाजवता परत आले. तिसऱ्या वेळी डोरीनने गुडघे दुखतात म्हणून नेमकं त्याच्या फाटकाशी बसून घेतलं. मग मी बेल वाजवली. त्याने मला ओळखलंच नाही. माझी पत्रं, नोटीस, शॉर्टब्रेड, सगळं घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीमार्फत; मला तो कधी भेटलेलाच नव्हता. मी विचारलं, इथे राहण्यात काही तक्रार? म्हणाला, कचऱ्याचे डबे वेळेवर उचलत नाहीत. मी लिहून घेतलं. मग म्हणाला, तरुण लोकांना घरं मिळत नाहीत ही फार वाईट गोष्ट आहे, तुमच्या पक्षाने काहीतरी करायला हवं. मी तेही लिहून घेतलं. माझं नाव पत्रकावर वाचलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. सभ्य माणूस आहे, दार आपटलं नाही. हळू लावलं.

मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं की त्या घरात कोणीतरी राहतं. म्हणजे भाडं येतं हे माहीत होतं.

तुमच्याकडे सगळी दारं झाली का?

संहिता


राजेंद्र नगर
५ नोव्हेंबर

चि. संहिता,

सगळी दारं झाली. तक्रारी लिहून घेतल्या: भटके कुत्रे, दुसऱ्यांच्या गाड्या, देवळाचा भोंगा. आणि यशवर्धन सरंजामेंनी माझ्याबद्दल तक्रार सांगितली की अध्यक्ष कोणाचं ऐकत नाहीत. मी म्हटलं, जरा मोठ्याने सांगा. त्यांनी पुन्हा सांगितली.

यादीत शेवटी एक दार उरलं. आपलं मागचं. मी दोन दिवस त्याचा विचार केला. तुझा मेल नसता तर सोडलं असतं, हे कबूल करतो. अंगणातून गेलो असतो तर तो प्रचार झाला नसता, घरमालक आला असं झालं असतं. म्हणून समोरच्या फाटकातून बाहेर पडलो, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या गल्लीतून त्यांच्या दाराशी गेलो. हातात पॅड होतं.

शैलजाबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, कोणाकडे? मी म्हटलं, तुमच्याकडे. चुनावासाठी फिरतोय. इथे राहण्यात काही तक्रार?

त्यांनी पॅडकडे बघितलं. मग म्हणाल्या, आत या.

आत मी सहा वर्षांत गेलो नव्हतो. पलंग स्वयंपाकघरात आहे. कपाट खोलीच्या मधोमध उभं आहे. भिंतीला काही टेकवता येत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, हात लावा. मी लावला. रंगाचा पोपडा हातात आला आणि आत ओलं होतं, गार. वर बघितलं. वर माझं बाथरूम आहे. नवा शॉवर बसवला तो सहा वर्षांपूर्वीच. मी रोज त्याखाली वीस मिनिटं उभा राहतो, आणि मग बाहेर येऊन कॉलनीला पाणीबचतीचे मेसेज टाकतो.

मी सगळं लिहून घेतलं. म्हटलं, आणखी काही तक्रार? तुला सांगितलं नव्हतं, पण तू येणार असं कारण देऊन मी त्यांना घर खाली करायची नोटीस पाठवली आहे; त्याबद्दल त्या आता बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. एक शब्द नाही. म्हणाल्या, आणखी काही नाही. शेजार चांगला आहे.

संहिता, विचार कर. ज्या माणसाने घराबाहेर काढायची नोटीस पाठवलीय त्याला ही बाई म्हणते, शेजार चांगला आहे. कपभर चहासुद्धा दिला. मी तो प्यायलो. इतकी वर्षं मी त्यांना ताठ समजत होतो. एवढं मोठं मन मी तरी दुसरं पाहिलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, स्पष्ट लिहितो.

निघताना सवयीने म्हटलं, तर मग मताचं लक्षात असू द्या. त्या म्हणाल्या, मला मत नाही. भाडेकरूंना संघात मत नसतं. नियम तुम्हीच केलात.

ते खरं आहे. तू त्या देशात भाड्याने राहून उभी राहतेस, आणि ह्या पस्तीस वर्षं इथे राहून हातही वर करू शकत नाहीत. मी प्लंबरला बोलावलंय. शॉवर काढून टाकला, बादलीने अंघोळ करतो. येत्या सभेत ठराव मांडणार आहे की जो राहतो त्याला मत. रामभाऊ अनुमोदन देणार म्हणतात, कारण त्यांना वाटतं भाडेकरू त्यांना मत देतील.

आता मला सरळ सांग. तू येणार आहेस का? मी तुला हे कधी विचारलंच नव्हतं.

काका


ऑल्डरवेल
२२ नोव्हेंबर

प्रिय काका,

हरले. बावीस मतांनी. लाल निवडून आले, मी दुसरी. मोजणी काल सकाळी पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये झाली. क्लोरीनच्या वासात टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे लावत होते. बाद झालेल्या पत्रिका इथे उमेदवारांना बोलावून दाखवतात. एकीवर कोणाच्याच नावापुढे खूण नव्हती. वरून खालपर्यंत लिहिलं होतं, माझी खिडकी कधी बसवणार? आम्ही चौघांनीही ती वाचून मान हलवली आणि ती बाद झाली. ते अक्षर मला माहीत आहे. त्या बाईंच्या घरी मी दोनदा गेले होते.

मी रडले, पण घरी येऊन. हॉलमध्ये डोरीनने रडू दिलं नाही. म्हणाली, मे महिन्यात पुन्हा चुनाव आहेत, पत्रकं उरलीत, खड्डाही आहे.

घराचं सांगते. डोरीनने तिच्या घरातली मागची खोली मला दिली. भिंतीला थोडी सीलन आहे. ती रोज सकाळी दार वाजवून विचारते, इथे राहण्यात काही तक्रार? मी म्हणते, भिंत. ती लिहून घेते. पुढच्या आठवड्यात माणूस येणार आहे.

तेव्हा काका, मी येत नाही. सुट्टीला येईन, आणि आले की तुमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपेन. लहानपणी तिथेच झोपायचे. तुम्ही फरशी घातली नाहीत तरी त्या घरात माझी जागा आहे, हे मला माहीत आहे. पण शैलजामावशींना घराबाहेर काढण्याचं कारण म्हणून माझं नाव वापरू नका. मिस्टर पार्करने कारण दिलं नाही याचा तुम्हाला राग आला होता. मला वाटतं, दुसऱ्याचं नाव कारण म्हणून देण्यापेक्षा ते बरं.

तुम्ही मला वाढवलंत. तरीही हे लिहायला हवं होतं.

संहिता


राजेंद्र नगर
१५ डिसेंबर

चि. संहिता,

तुझा मेल वाचून मी तीन दिवस कोणाशी बोललो नाही. इरावतीच्या ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा गल्लीला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. शैलजाबाईंना म्हटलं, ती नोटीस रद्द समजा. आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्द न बोलता मला चहा दिलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

त्या म्हणाल्या, कोणती नोटीस?

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कानातलं मशीन नीट बसवलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या.

घरी येऊन इरावतीला विचारलं. ती स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. बंद. वर माझं अक्षर. मी म्हटलं, मग पोस्टमनकडे सही कोणी केली? म्हणाली, मी. पत्ता बरोबर होता. मी म्हटलं, म्हणजे त्या बाईंचं ते मोठं मन? ती म्हणाली, मन मोठंच आहे, पण तुम्ही समजत होतात त्या कारणासाठी नाही.

आता पाकीट चुलीत घालता आलं असतं. इरावती तेच म्हणाली. पण मग माझ्यात आणि पार्करमध्ये फरक काय राहिला? त्यालाही आपली नोटीस स्वतःच्या हाताने द्यावी लागली नव्हती, ती एजन्सीने पाठवली होती. मी ते पाकीट घेऊन तिसऱ्यांदा वळसा घातला आणि शैलजाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं, उभ्याउभ्या वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, मी कुठे गेले असते? मग म्हणाल्या, रद्द केली आहे तर दाखवली कशाला? मी म्हटलं, मी काय केलं होतं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून. त्यांनी दार लावलं. हळू लावलं.

त्यानंतरच्या रविवारी संघाची सभा झाली. माझा ठराव पास झाला. भाडेकरूंना बोलायचा आणि मताचा अधिकार मिळाला, आणि लगेच त्याच सभेत चुनाव. चिठ्ठ्या टाकल्या. मी हरलो, एका मताने. रामभाऊंनी मला मिठी मारली आणि म्हणाले, भिया, ठराव आपला, श्रेय आपलं. खुर्ची त्यांनी नेली.

ते एक मत कोणाचं, हे मी विचारलं नाही. मत गुप्त असतं. पण सभेत शैलजाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि चिठ्ठी टाकून परत येताना त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. मला ते मत योग्य वाटलं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि कदाचित थोडं मोठ्याने. इरावतीने कोणाला मत दिलं तेही मी विचारलं नाही.

भिंत वाळली. प्लंबरने वरचा पाइप बदलला, रंग मीच उभा राहून करून घेतला. पलंग पुन्हा खोलीत गेला, कपाट भिंतीला लागलं. पण बोलणं नव्हतं. पाकीट दिल्यापासून त्यांनी इरावतीमार्फतही काही सांगितलं नाही.

काल संध्याकाळी समोरच्या दाराची बेल वाजली. मला ऐकू आली नाही, इरावतीने उघडलं. दारात शैलजाबाई. पस्तीस वर्षांत त्या समोरच्या दाराने कधी आल्या नव्हत्या, अंगणातूनच यायच्या. हातात पॅड आणि पेन. रामभाऊंनी त्यांना आपल्या गल्लीचं प्रतिनिधी केलंय. म्हणजे आपल्या मागच्या दारातून बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून आल्या होत्या.

मला म्हणाल्या, इथे राहण्यात काही तक्रार?

मी म्हटलं, आहे एक. आमच्या मागे एक बाई राहतात. त्या आमच्याशी बोलत नाहीत.

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, किती दिवसांपासून? मी म्हटलं, सहा वर्षं मी बोलत नव्हतो, आणि आता त्या बोलत नाहीत. तेही लिहून घेतलं. मग पॅड मिटून म्हणाल्या, बघते. त्यांच्याही दाराशी जाऊन विचारावं लागेल, त्यांची बाजू काय आहे.

आज सकाळी अंगणातून वाटीभर अनारसे आले. इरावती म्हणते, माझ्यासाठी आहेत. मी दोन खाल्ले.

तुझा,
देवदत्तकाका
(माजी अध्यक्ष)